प्रवाळाची तब्येत कशी तपासायची: मालवणच्या पाण्यात पहिला मोसम करणाऱ्यांसाठी

सागरी अभयारण्यात सर्वेक्षणाचं काम मिळालं की नवखे लोक जातींची यादी घेऊन पाण्यात उतरतात आणि ती थोडी लांबवून वर येतात. यादी हवीच, पण तिच्यावरून अधिवासाची स्थिती कळत नाही. एखाद्या खडकावर प्रवाळाच्या दहा-बारा जाती असतील आणि तरीही तो खडक ढासळत असेल: वसाहती सगळ्या जुन्या, निम्म्या मेलेल्या, आणि नवीन अंकुर शोधूनही सापडत नाही. हा खडक, हे कांदळवन, ही डॉल्फिनची संख्या जशी असायला हवी तशी आहे का, आणि मागच्या खेपेपेक्षा सुधारते आहे की बिघडते आहे, याचं पुराव्यासह उत्तर देणं म्हणजे स्थिती तपासणं. त्यासाठी एक कसब सगळ्यात आधी लागतं. आज तुम्ही जे मोजलं ते पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला त्याच जागी, त्याच रीतीने मोजता आलं पाहिजे.

इथे उदाहरण मालवण सागरी अभयारण्याचं घेतलं आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी ते अधिसूचित झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातलं ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे पाण्याखालचे खडक येतात, उरलेलं बफर. लक्षद्वीपची चित्रं डोळ्यांसमोर ठेवून इथे येऊ नका. मालवणचं प्रवाळ खडकांवर सुटंसुटं वाढतं, बहुतेक वसाहती गोलसर किंवा थरासारख्या पसरलेल्या: पोरायटीस, गोनियास्ट्रिया, फेविटीस, सायफास्ट्रिया, टर्बिनारिया. उत्तरेला कोळंब खाडी, दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदीचं मुख. पावसाळ्यात दोन्हींचं गोडं, गाळाचं पाणी समुद्रात येतं. या गढूळ पाण्याला सरावलेलं हे प्रवाळ आहे. म्हणून थोडा गाळ दिसला की ‘प्रदूषण’ असं लिहून मोकळं होऊ नये, आणि प्रवाळाचं आवरण (खडकाचा जेवढा भाग जिवंत प्रवाळाने झाकलाय तो) कमी दिसलं म्हणून स्थिती वाईट असंही ठरवू नये. तुलना नेहमी त्याच प्रकारच्या खडकाशी करायची.

परवानगी आणि गावाशी बोलणं

सगळी दगडी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही तिथेच. कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. त्यामुळे पुळणीवर वाहून आलेला प्रवाळाचा तुकडा ‘नमुना’ म्हणून खिशात घालणंसुद्धा गुन्हा ठरतं. अभयारण्यातल्या संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. तुमची पद्धत नुसत्या निरीक्षणाची आहे की काही उचलायची, खडकात खुंटी ठोकायची, हे अर्जात स्पष्ट लिहा. ड्रोनची परवानगी निराळी. हे सगळं व्हायला महिने जातात. नोव्हेंबरात पाण्यात उतरायचं असेल तर अर्ज उन्हाळ्यात गेलेला बरा.

अभयारण्याला मालवणच्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे, आणि त्यामागे पोटाचा प्रश्न आहे. पाण्यात टेप घेऊन उतरलेला अनोळखी माणूस त्यांना बंदी आणणाऱ्यांपैकी वाटतो. म्हणून होडी ठरवण्याआधी मच्छीमार सोसायटीत जाऊन बसा. काय मोजणार, ते कुणाला देणार, गावाला काय कळवणार हे सांगा, आणि सांगितलं तसं कळवा. रापण ओढणारे, शेवंडीची जाळी लावणारे, कालवं काढणाऱ्या बाया यांना कुठला खडक कधीपासून ओस पडला हे वर्षांसकट आठवतं. ही माहिती अहवालात ‘स्थानिक ज्ञान’ या एका ओळीत गुंडाळण्याची नव्हे. तीन-चार जणांना वेगवेगळं गाठून तेच प्रश्न विचारा. उत्तरं जुळली तर पूर्वस्थितीचा तो चांगला पुरावा आहे.

तिथी पाहून कामाचं वेळापत्रक

जून ते सप्टेंबर समुद्र बंद. ऑक्टोबरात पाणी गढूळच असतं. खरं काम नोव्हेंबर ते मार्च. एप्रिल-मे मध्ये पाणी तापतं, तेव्हा विरंजन, म्हणजे उष्णतेने प्रवाळ पांढरं पडणं, पाहण्यासाठी पुन्हा एक फेरी हवी.

त्या पाच महिन्यांतही रोज सारखं काम होत नाही. कोकणातला जुना हिशेब उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. उधाणाला पाणी सर्वांत जास्त उतरतं खरं, पण नेमका तेव्हा उजेड नसतो. म्हणून भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली खडपं पाहायची असतील तर पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया घ्या. ओहोटी सकाळी साडेसात-आठला येते, पाणी अजून पुरेसं खाली जातं आणि ऊन चढलेलं नसतं. ओहोटीच्या दीड तास आधी पोचा, पाण्याच्या मागोमाग खाली उतरा, आणि पाणी वळलं की सर्वांत खालचा पट्टा आधी सोडा. तिथीचा हिशेब अंदाजाचा आहे. दिवस पक्का करताना भरतीचं छापील कोष्टक पाहाच.

पाण्याखालच्या कामाचं उलट आहे. उधाणाला ओढ जास्त, तळचा गाळ उठतो, दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी, तेव्हा ओढ मंद आणि पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. म्हणजे पंधरवड्याचं वेळापत्रक आपोआप लागतं: उधाणाला खडपं आणि कांदळवन, भांगेला डायविंग. वारा दुपारी वाढतो, म्हणून पाण्यातलं काम साडेअकराच्या आत आटपा.

दृश्यता सेकी तबकडीने मोजून लिहा. काळ्या-पांढऱ्या चौथाईंची तबकडी दोरीने सोडायची; दिसेनाशी झाल्याची आणि वर ओढताना पुन्हा दिसल्याची खोली, दोहोंची सरासरी. होडीच्या सावलीच्या बाजूने पाहायचं, गॉगल काढून. आडवी दृश्यता तीन मीटरच्या खाली असेल तर त्या दिवशी मासे मोजू नका. प्रवाळाचे जवळून फोटो काढता येतील, पण माशांचा आकडा खोटा येईल.

जागा पुन्हा सापडली पाहिजे

पाण्याखाली जीपीएस चालत नाही. वरून बोया सोडून घेतलेला बिंदूही तीन-पाच मीटर इकडेतिकडे असतो आणि मालवणच्या खडकांवर पाच मीटरमध्ये चित्र पालटतं. म्हणून तांडेलांची, म्हणजे होडी हाकणाऱ्यांची, पद्धत वापरा. पाण्यातून दिसणाऱ्या दोन खुणा एका रेषेत आणा, उदाहरणार्थ किल्ल्याचा बुरूज आणि मागच्या डोंगरावरचं झाड. मग जवळपास काटकोनातल्या आणखी दोन. दोन्ही रेषा जुळतात तिथे तुमचं ठाणं. खुणांचे फोटो काढून त्यांवर रेषा आखून ठेवा. खाली तळावर, टेप टाकून मोजायच्या प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलची खुंटी, तीही परवानगी असेल तर आणि निव्वळ उघड्या खडकावरच. खुंटीवर वर्षभरात इतकं शेवाळ आणि कालवं चढतात की ती दिसत नाही, म्हणून टोकाजवळच्या ठळक वसाहतीपासूनचं अंतर आणि होकायंत्राचा अंश लिहून ठेवायचा. साध्या लोखंडाची खुंटी दोन पावसाळ्यांत गंजून जाते. नायलॉनची दोरी बांधून ठेवू नका, ती लाटांबरोबर प्रवाळावर घासत राहते.

एका ठाण्यावर २० मीटरच्या निदान सहा रेषा हव्यात, दोन रेषांमध्ये कमीत कमी पाच मीटर अंतर, सगळ्या साधारण एकाच खोलीवर. पहिल्या वर्षी रेषांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. ‘इथे छान प्रवाळ आहे’ म्हणून टेप टाकला की तो ठिकाणाचा पुरावा राहत नाही, तुमच्या आवडीचा होतो. शिवाय उत्तम जागा निवडली की पुढच्या वर्षी ती खालावलेली दिसण्याचीच शक्यता जास्त. काही ठाणी अभयारण्याबाहेर, तशाच खडकावर ठेवा. आत आणि बाहेर दोन्हीकडे सारखीच घट झाली तर कारण बहुधा तापमानासारखं मोठं. फक्त पर्यटकांच्या जागी झाली तर नांगर आणि पाय यांच्याकडे पाहायला हवं.

टेप फायबरग्लासचा, ताणून, तळालगत. हवेत तरंगणारा टेप लाटेबरोबर हेलकावतो आणि बिंदू सरकतात. दर दोन-तीन मीटरवर खडकाच्या टोकाला अडकवा, प्रवाळाला नाही. दर २० सेंटिमीटरवर टेपच्या खाली काय आहे ते नोंदवलं की १०० बिंदू होतात. त्यातल्या १८ बिंदूंखाली जिवंत प्रवाळ असेल तर आवरण १८ टक्के. दुसरा मार्ग फोटोंचा: ५० × ५० सेंटिमीटरची चौकट, कॅमेरा चार पायांच्या स्टँडवर ठरलेल्या उंचीला, दर मीटरला एक फोटो, म्हणजे २० फोटो. घरी संगणकावर प्रत्येक फोटोत २५ यादृच्छिक बिंदू टाकून ओळखायचे. गढूळ पाण्यात रुंद कोनाचं भिंग लावून जवळून काढा. कॅमेरा आणि प्रवाळ यांच्यामधलं पाणी जितकं कमी तितका फोटो स्वच्छ. फ्लॅश समोरून मारला तर गाळाचे कण बर्फासारखे चमकतात, दिवे बाजूला धरा. फोटोचा मोठा फायदा म्हणजे शंका आली तर दहा वर्षांनीही कुणी पुन्हा पाहू शकतं.

आकडा किती पक्का आहे

समजा सहा रेषांवर आवरण १२, १८, २५, ९, २१ आणि १७ टक्के आलं. सरासरी १७. पण रेषारेषांत फरक इतका आहे की ९५ टक्के खात्रीची पट्टी ११ ते २३ अशी पसरते. पुढच्या वर्षी दुसऱ्याच सहा जागी टेप टाकून सरासरी १४.७ आली तर घट झाली असं म्हणता येणार नाही. फरक पट्टीच्या आतच आहे.

आता त्याच सहा रेषा पुन्हा मोजल्या आणि त्याच क्रमाने १०, १६, २२, ८, १७, १५ आलं असं धरा. सरासरी तीच १४.७. पण प्रत्येक रेषेची घट वेगळी काढली तर २, २, ३, १, ४, २. सरासरी घट २.३, आणि तिची पट्टी फक्त १.१ इकडेतिकडे. म्हणजे घट खरी आहे. मेहनत तेवढीच, आणि उत्तर ‘सांगता येत नाही’ वरून ‘होय, घटलं’ इथे आलं. खुंट्या, खुणा, अंशांचा सगळा खटाटोप यासाठीच.

ठरलेल्या रेषा फक्त त्या रेषांबद्दल बोलतात हेही ध्यानात ठेवा. म्हणून दर काही वर्षांनी नव्या यादृच्छिक रेषाही घ्याव्यात.

मोजणारा बदलला की आकडा बदलतो, ही दुसरी मोठी चूक. मोसमाच्या सुरुवातीला सगळ्या मोजणाऱ्यांनी एकच रेषा एकापाठोपाठ मोजायची आणि आकडे शेजारी ठेवायचे. पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक येत असेल तर कुठल्या बिंदूवर कोण काय म्हणतंय ते फोटोवर बसून सोडवा. भांडण बहुतेक वेळा शेवाळाने झाकलेल्या मेलेल्या प्रवाळावरून आणि झोअँथिडवरून (प्रवाळाचा मऊ, दगडी सांगाडा नसलेला नातेवाईक) होतं.

वसाहत आजारी आहे का

इथे सावकाश पाहायला शिकावं लागतं, कारण पांढरं दिसणारं सगळं विरंजन नसतं.

विरंजनात ऊती शाबूत असते. अगदी जवळून पाहिलं तर पांढऱ्या सांगाड्यावर पारदर्शक पॉलिप (ज्यांची मिळून वसाहत बनते ते इवले जीव) दिसतात; ती वसाहत जिवंत आहे आणि पाणी निवलं तर सावरू शकते. नुकतीच मेलेली वसाहतही पांढरीच, पण सांगाड्याच्या कडा उघड्या, टोकदार, वर काही नाही. काही दिवस-आठवड्यांत तिच्यावर बारीक शेवाळ चढून ती हिरवट-तपकिरी होते. विरंजनाच्या काळात उशिरा पोचलात तर मेलेल्या वसाहती ‘जुन्या मेलेल्या’ म्हणून नोंदल्या जातात आणि नुकसान कमी दिसतं. पांढरा पट्टा जिवंत भागाच्या कडेने सरकत असेल तर रोगाचा संशय. ओरखड्यांच्या जोडीजोडीने खुणा असतील तर पोपटमाशाने चावा घेतलाय. धारदार, मोडलेली पांढरी कड म्हणजे नांगर किंवा पाय.

पोरायटीसच्या बाबतीत दोन गोष्टी नवख्यांना फसवतात. हे प्रवाळ अधूनमधून अंगावर चिकट पडदा तयार करते. त्यावर गाळ बसला की वसाहत राखाडी, मेलेली दिसते. मग तो पडदा गळून पडतो आणि खाली निरोगी ऊती असते. हाताने वारा घालून गाळ उडवा, नीट पाहा, मग लिहा. दुसरं, तिच्यावरचे गुलाबी-जांभळे ठिपके आणि रेषा. तो प्रवाळाचा इजेवरचा प्रतिसाद असतो, कुठल्याही चाव्याने, घासण्याने, शेवाळाच्या स्पर्शाने येतो. ‘गुलाबी रेषेचा रोग’ असं सरसकट नाव देऊ नका. ‘रंगबदल, कारण अमुक’ असं लिहा.

प्रत्येक वसाहतीची नोंद अशी असावी: वंश, सर्वांत मोठा व्यास, किती टक्के भाग मेलेला, विरंजन नाही, फिकट, अंशतः की पूर्ण, रंगपत्रिकेवरचा क्रमांक, आणि मोडतोड. रंगपत्रिकेवर सहा छटा असतात. वसाहतीचा सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद भाग दोन्ही जुळवायचे. दोन छटांचा फरक पडला तर तो लक्ष देण्याजोगा. पाच सेंटिमीटरपेक्षा लहान वसाहती वेगळ्या मोजा, त्यांच्यासाठी चौकटीत डोकं घालून फटी बघाव्या लागतात. लहान वसाहती नसतील तर आवरण कितीही चांगलं असलं तरी पुढची पिढी नाही. त्यातही एक सापळा आहे: मोठ्या वसाहतीचा बराच भाग मेला की उरलेले जिवंत तुकडे लहान वसाहतींसारखे दिसतात. खालचा सांगाडा सलग आहे का ते पाहा.

आणि सरगॅसम. मालवणच्या खडकांवर हे तपकिरी शेवाळ पावसाळ्यानंतर वाढत जातं आणि हिवाळ्यात खडक झाकून टाकतं. नोव्हेंबरातला आकडा आणि फेब्रुवारीतला आकडा यांची तुलना केली तर प्रवाळ ‘निम्मं झालं’ असं दिसेल. प्रत्यक्षात ते शेवाळाखाली तिथेच असतं. उपाय सोपा आहे. दरवर्षी त्याच महिन्यात मोजा. आणि प्रत्येक बिंदूवर दोन नोंदी करा: आधी वरची झालर, मग ती बाजूला सारून खालचं. बेरीज शंभराच्या वर जाईल, ते बरोबरच आहे.

तापमानासाठी उपग्रहाचे आकडे किनाऱ्याजवळ कच्चे असतात, म्हणून ठाण्यावर नोंदयंत्र बसवा. ३० मिनिटांना एक नोंद पुरे. ते खडकाच्या सावलीत बांधा, ऊन थेट पडलं तर पाण्याऐवजी डबीचं तापमान नोंदलं जाईल. बसवण्याआधी आणि काढल्यावर सगळी यंत्रं एकत्र बर्फाच्या पाण्यात ठेवून एकमेकांशी ताडून घ्या. विरंजनाचा हिशेब असा: त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा एक अंशाने पाणी जास्त तापलेलं राहिलं की उष्णतेचा ताण मोजायला सुरुवात होते. मागच्या १२ आठवड्यांची बेरीज, अंश गुणिले आठवडे. ४ झाली की विरंजन अपेक्षित, ८ झाली की मर. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रमाहिती केंद्राकडून प्रवाळ विरंजनाचा इशारा मिळतो. तो आला की पंधरा दिवसांत पाण्यात उतरता येईल अशी तयारी एप्रिलमध्येच करून ठेवा. चौथं जागतिक विरंजन एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं, आणि अशा वर्षी आधीच्या वर्षांचे ठरलेल्या रेषांचे आकडे हाताशी असणं फार मोलाचं असतं.

मासे

नेहमीची पद्धत म्हणजे ५० मीटर लांब, ५ मीटर रुंद पट्टा. मालवणच्या पाण्यात हे बहुतेक दिवशी जमत नाही. २ मीटर रुंदी धरा, आणि मग दरवर्षी तीच धरा. टेप आधी टाकून मागे फिरलात तर गोबरा, तांबोशी केव्हाच निघून गेलेले असतात, म्हणून टेप सोडत पुढे जाताना मोठे मासे मोजा आणि परतताना खडकालगतचे लहान. पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. लाकडाचे किंवा प्लास्टिकचे ठरलेल्या लांबीचे मासे दोरीला बांधून डोळा तयार करा, नाहीतर वजनाचा अंदाज भलताच चुकतो. लांबीतली चूक वजनात जवळपास तिप्पट होते.

पर्यटकांना घेऊन जातात त्या खडकांवर माशांना पाव-बिस्किटं टाकतात. पट्टेरी सार्जंट मासे माणूस दिसताच जमतात. तिथला आकडा अधिवासाच्या आरोग्याचा नसतो, खाऊचा असतो. अशी ठाणी नोंदीत वेगळी दाखवा.

खडपं, कांदळवन, कासवं, डॉल्फिन

खडपावर तीन पातळ्या घ्या, वरची, मधली, खालची, आणि प्रत्येक पातळीत ५० × ५० सेंटिमीटरच्या दहा चौकटी. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवा. उलटा राहिला तर वरचं उन्हाने आणि खालचं गुदमरून मरतं. जाड तळाचे बूट घाला. चामड्यासारखी पॅलिथोआ (एक झोअँथिड) खडकावर पसरलेली असते, तिच्यात तीव्र विष असतं. जखमेच्या हाताने हात लावू नका आणि तोच हात डोळ्याला नेऊ नका.

कांदळवनात १० × १० मीटरचे भूखंड. खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर, पण कांदळाला आधारमुळं असतात म्हणून सर्वांत वरच्या मुळाच्या वर ३० सेंटिमीटरवर मोजायचा. तिवर, कांदळ, पांढरी चिप्पी (२०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष) यांची रोपं वेगळी मोजा आणि तोडलेले बुंधेही मोजा. रोपं पायाखाली तुडवली जातात, म्हणून ती सर्वांत आधी. कांदळवनाच्या पुढच्या चिखलात हॅलोफिला बेकारी हे अगदी बारीक सागरी गवत असतं. ते ऋतूनुसार येतं-जातं, एका फेरीत दिसलं नाही म्हणून नष्ट झालं असं लिहू नका.

कासवांच्या घरट्यांची संख्या म्हणजे कासवांची संख्या नव्हे. ऑलिव्ह रिडलेची एक मादी एका मोसमात एकाहून जास्त वेळा अंडी घालू शकते, नर आणि पिल्लं तर मोजणीत येतच नाहीत. घरट्यांबरोबर किती किलोमीटर पुळण, किती रात्री चालून पाहिली हे लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ नाही. डॉल्फिनचंही तेच. आपल्या किनाऱ्यावरचा कुबड्या डॉल्फिन जागतिक लाल यादीत संकटग्रस्त आहे. ठरलेल्या रेषांवर होडी एकाच वेगाने न्या, दिसलेला गट, त्याचं अंतर आणि कोन लिहा, पाठीच्या पराचे फोटो काढा. डॉल्फिन न दिसलेल्या फेऱ्याही तितक्याच काळजीने नोंदवा.

निकाल कसा लिहायचा

प्रत्येक अधिवासासाठी एक तक्ता करा: कोणता गुण पाहिला, तो किती असायला हवा, किती आढळला, पुरावा किती भक्कम, आणि दिशा कोणती. प्रवाळ खडकासाठी गुण साधारण असे: विस्तार, जिवंत आवरण, वंशांचं मिश्रण, वसाहतींचे आकार, लहान वसाहती, विरंजन व रोग, मोडतोड, पाण्याची स्थिती. ‘किती असायला हवा’ हा रकाना मोजणीच्या आधी भरायचा. नंतर भरला की माणूस नकळत आकड्याला सोयीचं लक्ष्य लावतो.

सगळ्या गुणांची सरासरी काढून एक शेरा देण्याची सवय चुकीची आहे. आवरण उत्तम, मासे बरे, पण लहान वसाहती शून्य. सरासरी ‘समाधानकारक’ येईल आणि खडकाला पुढची पिढी नाही ही गोष्ट झाकली जाईल. सर्वांत कमकुवत गुणानेच एकूण शेरा ठरवावा आणि तो कोणता ते पहिल्या ओळीत लिहावं. पुरावा अपुरा असेल तर शेरा ‘माहिती अपुरी’. त्याऐवजी ‘चांगली’ लिहिणं ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण मग तिथे पुन्हा कुणी पाहायला जात नाही.

व्यवस्थापनाच्या परिणामकारकतेचं मूल्यमापन ही वेगळी गोष्ट आहे. त्यात आराखडा, कर्मचारी, निधी, गस्त यांना गुण मिळतात. कार्यालय उत्तम चालतं आणि खडक मरतो आहे, असं होऊ शकतं. दोन्ही अहवाल एकमेकांच्या जागी वापरू नका.

या क्षेत्रात यायचं असेल तर

प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मत्स्यविज्ञान, सागरी विज्ञान यांपैकी कुठलीही पदवी चालते. रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, गोवा विद्यापीठ, आणि दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही जवळची ठिकाणं. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था प्रकल्पांवर माणसं घेते. पदवीइतकंच चार गोष्टींना वजन आहे: पोहणं, संख्याशास्त्र, नकाशाचं सॉफ्टवेअर, आणि मालवणी कळणं. स्कुबाचं पहिलं प्रमाणपत्र पुरत नाही; हातात पाटी, टेप आणि कॅमेरा असताना तळाला न टेकता एका जागी स्थिर राहता येईपर्यंत रेषेवर जाऊ नका. गुडघा टेकणारा सर्वेक्षकच प्रवाळ मोडतो. खोली कमी असली तरी जोडीशिवाय डायविंग नको, होडीवर एक माणूस कायम हवा, जाळी कापायची सुरी हाताशी हवी, आणि जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (डायविंगमधून वर येताना झालेल्या दाबाच्या त्रासावर उपचार करायची खोली) कुठे आहे आणि तिथला फोन लागतो का हे मोसमाच्या आधी तपासून ठेवा. डायविंग येत नसेल तरी खडपं, कांदळवन, फोटोंचं विश्लेषण यांत वर्षभराचं काम आहे आणि पाया तिथेच पक्का होतो.

पाटीवरची पेन्सिलची नोंद त्याच संध्याकाळी संगणकावर गेली पाहिजे, पाटी पुसण्याआधी तिचा फोटो निघाला पाहिजे. फाइलच्या नावात ठाणं, रेषा, तारीख आणि मोजणाऱ्याची आद्याक्षरं. दोन प्रती, त्यातली एक मालवणबाहेर. मोसम संपताना प्रत्येक ठाण्यासाठी एक पान तयार करा: खुणांचे फोटो, अंश, खुंट्यांमधलं अंतर, होडी कुठे उभी करायची, ओढ कुठून येते, शेवंडीची जाळी कुठे असतात. मग ते पान अशा कुणाच्या तरी हाती द्या जो त्या ठाण्यावर कधी गेलेला नाही, आणि त्याला एकट्याने पहिली खुंटी शोधायला सांगा. सापडली नाही तर पान पुन्हा लिहा.